मास्तरांचा तीन पेडांचा धडा

बाबांना सगळी वस्ती मास्तर म्हणायची, म्हणून चिडवायचं असलं की आम्हीही घरात मास्तरच म्हणायचो. ते इतिहास शिकवायचे. शाळा गिरणीच्या मागच्या रस्त्याला, आमच्या दोन खोल्या पुढच्या रस्त्याला, आणि मधे ती धुरकट, लांबलचक गिरणी. शाळेत जायचं तर तिला वळसा घालूनच जावं लागे. बाबांचा पगार तोंडी लावण्यापुरता होता. घर चालायचं ते आईच्या मागांवर, आणि बाबांना त्याची लाज कधी वाटली नाही. वर्गात ते सरळ सांगायचे, माझी बायको विणते म्हणून मी तुम्हाला शिकवतो. मुलं हसायची. मला तेव्हा त्यांचा राग यायचा. काय गरज होती सगळ्यांना सांगायची?

आईची पहिली पाळी असे. भोंगा व्हायचा तेव्हा आम्ही अजून अंथरुणात, त्यामुळे माझी वेणी घालायचं काम बाबांच्या गळ्यात पडलं होतं. हात चालायचा बरा, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. केसांचे तीन पेड करायचे आणि सुरू.

हा पेड विचार करणाऱ्याचा. कुठल्याशा खोलीत एक माणूस बसतो, शेजारच्याला त्याचं नाव ठाऊक नसतं, आणि तो लिहितो की सगळी माणसं जन्मतः सारखी. हा दुसरा पेड उठाव करणाऱ्यांचा. तेच वाक्य एक-दोन पिढ्यांनी उपाशी माणसांच्या कानावर जातं आणि राजाचं डोकं उडतं. आणि हा तिसरा यंत्रवाल्याचा. राजे येतात जातात, पण वाफेवर चालणारं चाक एकदा फिरलं की खेड्यातला विणकर घरचा माग मोडून शहराची वाट धरतो, आणि शहरात त्याला पुन्हा तो विचारवाला भेटतो, छापलेल्या कागदावर. बघ, एक पेड ओढला की दोन आपोआप आवळतात. जगाचा इतिहास म्हणजे एवढंच.

मी एकदा म्हटलं, "आणि डोकं माझं दुखतं."

बाबा इतके हसले की फणी हातातून पडली. शाळेत जाऊन सगळ्या मास्तरांना सांगून आले. तेव्हापासून घरात ती म्हणच झाली. साखर महागली, पाळी वाढली, छत गळलं, की आई म्हणायची, "चालू द्या तुमचे पेड, डोकं माझं दुखतं."

माझ्या पाठीवर भाऊ झाला. त्याला आम्ही वकील म्हणायचो, कारण बोलायला लागल्यापासून तो हुज्जतच घालत होता. झोप म्हटलं की का, ऊठ म्हटलं की का. बाबा त्याच्या प्रत्येक 'का'ला उत्तर द्यायचे. आई म्हणायची, अहो, कधीतरी नुसतं गप्प बस म्हणा त्याला. पण ते बाबांच्या जिभेवर यायचंच नाही. माणसाला 'का' विचारू दिलं नाही की काय होतं, याचा त्यांच्याकडे प्रत्येक शतकातला एकेक दाखला तयार असायचा.

आता आमच्या मुक्या भाषेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागांच्या खात्यात आवाज असा की कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. आडवं सूत घेऊन धावणारे शेकडो धोटे एकदम इकडून तिकडे आदळताहेत, जमीन थरथरतेय. म्हणून खात्यातल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, जरा मोठे करून. चार मागांपलीकडची बाई काय म्हणतेय ते आम्हाला स्वच्छ कळायचं. कुणाची सून भांडली, कुणाचा नवरा पिऊन आला, जॉबर म्हणजे आमचा मुकादम, त्याच्या टकलावर काय बसलंय, सगळं. एकदा बाहेरून कुणी साहेब खातं बघायला आला होता, तर आईच्या शेजारणीनं त्याच्या तोंडावर, हसत हसत, अशा काही शिव्या घातल्या की बाकीच्या बायका मागांमागे तोंडं लपवून बसल्या. बाहेरच्याला आपलं कळत नाही, यावर आम्हा सगळ्यांचा इतका विश्वास होता की तो तपासून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईनं ती भाषा आम्हा दोघांना लहानपणीच खेळ म्हणून शिकवली. पुढे मीही खात्यात लागले, तेव्हा तर घरातही सवयीनं ओठच हलायचे. बाबा मात्र हात झटकायचे. मी दिवसभर बोलून दमतो, मला तुमची मुकी शाळा नको, म्हणायचे. झालं, आम्हाला रान मोकळं. ते समोर जेवत बसलेले आणि आम्ही तिघं त्यांच्याच घोरण्यावर बोलतोय. एकदा आई मला म्हणाली, अर्थात ओठांनी, की पाठ भरून आलीय, पण यांच्यासमोर बोलू नकोस, उगाच डॉक्टर डॉक्टर करत बसतील. दुसऱ्या दिवशी बाबा लेपाची बाटली घेऊन आले. म्हणाले, माझी मान धरलीय, पण वास सहन होत नाही, तूच लाव. आम्ही म्हटलं, बोलाफुलाला गाठ पडली. आईनं बाटली संपवली.

वकील मोठा झाला, शिकायला लागला आणि सभांना जायला लागला. सगळीकडे तेव्हा तेच वारं होतं. घरी आला की जेवताना तेच बोलायचा जे बाबा वेणी घालताना बोलायचे, फक्त आवाज चढवून. बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपायचा नाही. बाप तसा बेटा, आई म्हणायची, पण म्हणताना तिचा हात थांबलेला असायचा. तिला भीती होती. मला नव्हती. मला वाटायचं, होऊ दे एकदाचं काय व्हायचं ते. गिरणीच्या मालकानं आमच्या अंगावरची कातडी तेवढी शिल्लक ठेवली होती.

आणि खरंच झालं. एका आठवड्यात सगळं पालटलं. मालक पळाला, शाळेतल्या भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, त्यांच्या जागी चौकोनी पांढरे डाग राहिले. गिरणीच्या फाटकावर पाटी लागली की ही गिरणी आता आपली. बाबा शाळेच्या पायरीवर उभे राहून रडले. जे आयुष्यभर फळ्यावर लिहिलं ते रस्त्यावर चालताना बघायला किती मास्तरांना मिळतं, असं म्हणाले. वकील गिरणीच्या समितीत निवडून गेला. मिशी नुकती फुटलेली आणि बसायला खुर्ची. आईनं त्याचा सदरा इस्त्री केला.

नव्याचे नऊ दिवस गेले आणि गिरणीत लाकडी पेटारे आले. पेटाऱ्यांत नवे माग होते. त्यांना धोटाच नव्हता. सुताची तार तुटली तर माग आपोआप थांबायचा, धोट्यातली कांडी बदलायचं कामच उरलं नव्हतं. एक बाई एकटी पूर्वीच्या चौघींचं काम करायची. बघायला झकास, खोटं कशाला बोलू. आवाजही कमी. पण महिना संपायच्या आत अर्ध्या खात्याला घरी पाठवलं, त्यात मीही होते. आईचा हात वेगवान, म्हणून ती राहिली. जुना मालक काढायचा तेव्हा निदान शिव्या घालता यायच्या. आता शिव्या कुणाला घालायच्या? गिरणी तर आपली होती.

वकील रोज बायकांचं ऐकून यायचा. एक दिवस संध्याकाळी तो बाबांसमोर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी मोठी सभा होती, वरची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर एकच गोष्ट बोलायचं त्याच्या मनात होतं. माग जर आपले असतील, तर वाचलेल्या कष्टांची विश्रांती बायकांना मिळायला हवी, त्यांना हाकलता का? समितीतल्या बाकीच्यांनी त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. हळू आवाजात सांगितलं होतं, म्हणजे गंमत नव्हती.

"बाबा, मी बोलू का?" त्यानं विचारलं.

असं 'का' त्यानं आयुष्यात पहिल्यांदा परवानगीसाठी वापरलं असेल. आई मोरीत भांडी घासत होती. तिनं पाणी बंद केलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"मी इतकी वर्षं वर्गात जे शिकवलं," बाबा म्हणाले, "ते घरात शिकवू नको कसं म्हणू?"

आईनं पाणी पुन्हा सुरू केलं. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला होता. आज तो प्रसंग आठवला की वाटतं, मधे पडून काहीतरी आदळआपट करायला हवी होती, दोघांचीही मुस्कटं दाबायला हवी होती.

तो बोलला. टाळ्याही पडल्या म्हणे. तिसऱ्या दिवशी त्याला उचललं. यंत्राचा शत्रू, म्हणून क्रांतीचा शत्रू, असा आरोप. कुंपणानंच शेत खाल्लं. त्याला आणि आणखी काही पोरांना गिरणीच्याच जुन्या सुताच्या गोदामात ठेवलं होतं, आमच्या खिडकीतून त्याचं छप्पर दिसायचं. आईला रोज कामावर जाताना त्या गोदामावरून जावं लागे. ती जायची, मान खाली घालून, आणि पाळी संपली की त्याच वाटेनं परत यायची.

बाबा समितीतल्या वरच्या माणसाला भेटायला गेले. तो त्यांचाच विद्यार्थी होता, पहिल्या बाकावरचा, बाबा त्याचं कौतुक करून करून थकायचे. मीही बरोबर गेले होते. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला, तब्येत विचारली. बाबांनी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. तो खाली बघत म्हणाला, "मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना, अशा बदलात काही माणसं जातात म्हणून."

बाबांनी तसं शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही असायचा. ते चहा तसाच ठेवून उठले.

मग बातमी आली की पोरांना लांब कुठेतरी हलवताहेत. आम्ही तिघं धावत फाटकाशी गेलो. आमच्यासारखी आणखी माणसं होती. दोरी लावून सगळ्यांना रस्त्यापलीकडे उभं केलेलं. बस फाटकातून बाहेर आली, काचा बंद, इंजिनाचा भणभणाट. बायका ओरडत होत्या, आत काही ऐकू जात नसणार. वकील आमच्या बाजूच्या खिडकीत होता. त्याचे केस कापलेले, एक डोळा सुजून मिटलेला. त्यानं आम्हाला हुडकलं. बस वळणावर जरा थबकली, आणि तो आईकडे बघून ओठांनी बोलला, लहानपणी बोलायचा तसं, मोठे मोठे ओठ करून.

"बाबांना सांग, शिकवू नका."

मी ते स्वच्छ वाचलं. चूक व्हायला वावच नव्हता, त्यानं दोनदा म्हटलं. मग बस गेली. तो परत आला नाही, त्याची काही खबर आली नाही, आणि कुणाला विचारायची सोयही राहिली नाही.

बाबांनी आईचा दंड धरला. "काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

आईनं नाक पुसलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "शिकवत राहा म्हणाला."

बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान हलवली, दोन-तीनदा हलवली, आणि आम्ही घरी आलो.

मी आईला कधी काही म्हटलं नाही. काय म्हणणार? बाबा तेव्हा अशा अवस्थेत होते की रस्ता ओलांडतानाही हाताला धरावं लागायचं. शाळा हा एकच खुंटा होता, आणि आईनं तो उपटू दिला नाही. उलट आणखी खोल ठोकला. मला वाटलं, शहाणी बाई. तिच्या जागी मी असते तर मला इतकं पटकन सुचलं नसतं.

सोमवारी बाबा शाळेत गेले. संध्याकाळी आले तेव्हा आई दारात उभी. "आज काय शिकवलंत?"

त्याआधी तिनं हे कधी विचारलं नव्हतं. तिला त्या राजे-रजवाड्यांचा कंटाळाच होता. पण त्या दिवसापासून तिनं एक दिवस चुकवला नाही. दुसरी पाळी असली तर घरी आल्यावर, बूट काढायच्या आधी. आणि बाबा सांगायचे. छापखान्याचा शोध शिकवला. वाफेचा धडा संपवला. आई ऐकायची, लेकरू जेवलं की नाही असं विचारून घेणाऱ्या आईसारखी, आणि मगच तिचा जीव खाली बसायचा.

मधल्या काळात नवी पाठ्यपुस्तकं आली. शेवटचा धडा आमच्याच उठावाचा. त्यात गिरणी होती, नवे माग होते, माग आल्यावर कामगारांना झालेला आनंद होता. फोटोही होता, त्यात आईच्या खात्यातली बाई हसत होती. ती का हसली होती ते मला ठाऊक आहे, कारण फोटोवाल्याबद्दल ती ओठांनी काय बोलत होती ते फोटोतही वाचता येत होतं. गोदाम मात्र त्या धड्यात नव्हतं. बाबांनी तो धडा दरवर्षी शिकवला. शिकवून आले की मोरीवर हात धुवत बसायचे. खडू इतका वेळ धुवावा लागत नाही. मी म्हणायचे, बाबा, साल निघेल. ते हसायचे, पण फणी हातातून पडली होती तेव्हाचं ते हसू नव्हतं.

त्यांचा आवाज बसत गेला, खांदे गेले. वर्गात आता पोरं 'का' विचारत नव्हती, आणि कुणी चुकून विचारलंच तर मास्तरच घाबरून दाराकडे बघायचे, असं मला एका पोराच्या आईनं सांगितलं. मी मनात म्हटलं, चालायचंच, निदान जाताहेत, येताहेत. माणूस कामात असला की तगतो. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

मग आईच्या छातीत कापूस बोलायला लागला. गिरणीतल्या सगळ्यांचाच शेवटी बोलतो. खोकून खोकून तिचा आवाज पार गेला, आणि आमचं घर पुन्हा मुकं झालं. आता खेळ म्हणून नाही, दुसरा इलाजच नव्हता म्हणून. तरी संध्याकाळी बाबा आले की ती उशीवरून भुवया वर करायची. ते सांगायचे, अमुक शिकवलं, तमुक शिकवलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. बाबा पायथ्याशी बसले होते, तिचे तळवे चोळत. त्यांची अडचण आम्हाला कधीच नव्हती. ती ओठांनी म्हणाली, "मी तेव्हा खोटं सांगितलं ते बरं केलं ना? त्यावरच ते जगले ना?"

मी ओठांनीच म्हटलं, हो आई, बरं केलंस.

बाबा उठले आणि पाणी आणायला गेले. तांब्या तर उशाशी भरलेला होता.

आई गेली. आलीगेली माणसं ओसरली, भांडी जागच्या जागी लागली, आणि सोमवार आला. मी बाबांचा डबा भरला, कोट खुंटीवरून काढून ठेवला. त्या कोटाच्या खिशांतून खडूची पूड कधीच जायची नाही. बाबा खिडकीशी बसून होते, गोदामाच्या छपराकडे बघत. मी म्हटलं, "बाबा, शाळा."

"आता नको," ते म्हणाले.

मला वाटलं, दुःखात आहेत, ढकलायला हवं. मग मीही आईचाच खुंटा हातात घेतला. म्हटलं, असं कसं, वकील काय सांगून गेला होता? शिकवत राहा म्हणाला होता ना?

बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. खात्यात जन्म काढलेल्या बाईसारखे, स्वच्छ, मोठे ओठ करून.

शिकवू नका.

माझ्या हातातला डबा मी कुठे ठेवला, आठवत नाही. इतकी वर्षं आमच्या ताटासमोर बसून हा माणूस सगळं ऐकत होता. घोरण्याचं, पाठदुखीचं, सगळंच. आणि त्या दिवशी रस्त्यावर तोही बसच्या खिडकीकडेच बघत होता.

"मी तिला विचारलं," बाबा आता आवाजात म्हणाले, "कारण मला वाटलं, माझंच वाचायला चुकलं असेल. तुमच्याइतकं मला कुठे येत होतं? मग तिनं भलतंच सांगितलं, तेव्हा कळलं की चुकलं नाही."

मला रडूही आलं आणि संतापही आला. मी जवळजवळ ओरडलेच, मग इतकी वर्षं कशाला जात राहिलात? पोरानं नको म्हटलं होतं, तुम्हाला नको होतं, ते पुस्तक तुम्हाला गिळवत नव्हतं, मग कुणासाठी?

"संध्याकाळी ती विचारायची ना," ते म्हणाले.

पुढे मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाबा, तो रागानं म्हणाला नसेल. तुम्हालाही उचलतील या भीतीनं म्हणाला असेल, तुम्ही गप्प राहावं, जगावं म्हणून. मला अजूनही ते तसंच वाटतं, निदान काही दिवशी तरी वाटतं. बाबांनी ऐकून घेतलं. असेल, म्हणाले. विचारायला तो कुठे आहे?

कोट तसाच खुंटीवर राहिला. शाळेतून दोनदा निरोप आला, मग त्यांनी दुसरा मास्तर नेमला. शाळेची घंटा आम्हाला घरात ऐकू यायची, बाबा खिडकीतून हलायचे नाहीत. आम्ही दोघंही आवाजात फारसं बोलत नव्हतो. गरजच पडायची नाही. एका संध्याकाळी मी बाहेरून आले, दारातच बूट काढता काढता सवयीनं तोंडातून निघून गेलं, आईचंच वाक्य, आईच्याच सुरात, आज काय शिकवलंत. जीभ चावली, पण शब्द गेला होता.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांनी नुसत्या ओठांनीच उत्तर दिलं, काही नाही.